घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी

"घटस्फोट झाला की नवऱ्याच्या मालमत्तेतला अर्धा वाटा बायकोला मिळतोच ना?" लग्न मोडकळीला आलेल्या घरात हा प्रश्न सगळेच विचारतात. बायको आशेनं विचारते, नवरा धास्तीनं विचारतो आणि दोन्हीकडचे आईवडील काळजीनं विचारतात. थोडक्यात उत्तर असं : गोव्यात बहुधा हो, महाराष्ट्रात नाही.

हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, कारण सिनेमांतून आणि परदेशी बातम्यांतून आपल्या मनात 'निम्मं-निम्मं' हेच चित्र बसलेलं असतं. आपल्याकडचा कायदा वेगळ्या वाटेनं जातो. तो मालमत्तेत वाटा देण्याऐवजी निर्वाहाची सोय करतो, आणि तीही मागितली तर, पुरावा दिला तर. म्हणून घटस्फोट घेणाऱ्या माणसानं भावनांच्या गदारोळातही थोडा वेळ कागद आणि पेन्सिल घेऊन बसणं फार गरजेचं असतं. ते कसं करायचं, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्यानं पाहू.

१. एक खटला, चार प्रश्न

घटस्फोट हा एकच निर्णय वाटतो, पण त्यात चार स्वतंत्र प्रश्न असतात. पहिला : लग्न कायद्यानं संपलं का? दुसरा : निर्वाहासाठी कोणी कोणाला किती पैसे द्यायचे? तिसरा : घर, दागिने, ठेवी आणि कर्ज कोणाचं? चौथा : मुलं कोणाजवळ राहतील आणि त्यांचा खर्च कोण करील?

न्यायाधीशांनी घटस्फोट मंजूर केला की फक्त पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. बाकीच्या तिन्हींची उत्तरं आपोआप मिळत नाहीत. ती मागावी लागतात आणि हुकूमनाम्यात लिहून घ्यावी लागतात. "एकदाचं सुटू दे, पैशांचं मग बघू," असं म्हणून सही केलेली माणसं पुढे वर्षानुवर्षं तारखांना जाताना दिसतात. या चार प्रश्नांकडे आता एकेक करून वळू.

२. स्टॅम्प पेपरवरची सोडचिठ्ठी चालते का?

गावाकडे आणि शहरातही स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून, दोन पंचांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून आणला जातो. दोघांना वाटतं, आपण मोकळे झालो. कायद्याच्या दृष्टीनं ते लग्न तसंच उभं असतं. एखाद्या समाजात रूढीनं घटस्फोट घेण्याची जुनी, सिद्ध करता येणारी प्रथा असेल, तर हिंदू विवाह कायदा तिला मान्यता देतो; पण ती प्रथा न्यायालयात पुराव्यानं सिद्ध करावी लागते. बाकीच्यांसाठी न्यायालयाचा हुकूमनामा हाच घटस्फोट. सोडचिठ्ठीच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न रद्दबातल ठरू शकतं, आणि त्याची सगळ्यात मोठी किंमत त्या दुसऱ्या बायकोला मोजावी लागते.

कोणाला कोणता कायदा? हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख जोडप्यांना १९५५चा हिंदू विवाह कायदा लागतो. नोंदणी पद्धतीनं लग्न केलेल्यांना १९५४चा विशेष विवाह कायदा, पारशांना १९३६चा आणि ख्रिश्चनांना १८६९चा कायदा लागू होतो. मुस्लिम स्त्रीला १९३९च्या कायद्याखाली न्यायालयातून विवाहविच्छेद मागता येतो. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक २०१९पासून गुन्हा आहे. पुढचं विवेचन मुख्यतः हिंदू विवाह कायद्यावर आधारलेलं आहे. जिथे मोठा फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

घटस्फोट मिळवण्याच्या वाटा दोन. पहिली, एकानं दुसऱ्याविरुद्ध खटला भरायचा आणि छळ, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार यांसारखं कारण सिद्ध करायचं. यात साक्षी, उलटतपासणी, अपील असं सगळं येतं आणि वर्षं जातात. दुसरी वाट परस्परसंमतीची, जी १९७६मध्ये कायद्यात आली. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. 'वेगळं' म्हणजे वेगळ्या छपराखालीच असं नव्हे. पती-पत्नी म्हणून राहत नसणं महत्त्वाचं, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१मध्ये स्पष्ट केलं. पहिला अर्ज दिल्यानंतर सहा महिने थांबायचं आणि मग दोघांनी पुन्हा येऊन संमती कायम असल्याचं सांगायचं. दोघं पुरेसा काळ वेगळे राहिले असतील आणि पोटगी, मुलं यांबाबत सगळं ठरलं असेल, तर हे सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, असं २०१७मध्ये ठरलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊन टाकणं किंवा सगळे हक्क पहिल्याच दिवशी सोडून देणं, दोन्ही धोक्याचं. बहुतेक वकील रकमेचा एक भाग पहिल्या अर्जाच्या वेळी आणि उरलेला अखेरच्या तारखेला न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टनं देण्याची अट घालतात. ती दोघांच्याही सोयीची असते.

३. पोटगी किती मिळते?

पोटगीचे दोन प्रकार आधी समजून घेऊ. खटला चालू असताना खर्च भागवण्यासाठी मिळते ती अंतरिम पोटगी. खटला संपताना ठरते ती कायमची. हिंदू विवाह कायद्याची २४ आणि २५ ही कलमं अनुक्रमे या दोन्हींसाठी आहेत. ही कलमं पतीलाही पोटगी मागण्याची मुभा देतात. आजारी किंवा उत्पन्न नसलेला नवरा कमावत्या पत्नीकडून ती मागू शकतो. विशेष विवाह कायद्यात मात्र हा हक्क फक्त पत्नीला आहे.

याशिवाय एक वाट सर्वधर्मीयांसाठी खुली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२५ हे जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४मध्ये आलं आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी, घटस्फोटित पत्नी, मुलं आणि आईवडील त्याखाली दाद मागू शकतात. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला ही वाट मोकळी आहे का, यावर १९८५च्या शाहबानो निकालापासून देशभर वाद झाला. ती मोकळीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं. मेहेर, म्हणजे निकाहात पतीनं पत्नीला द्यायची कबूल केलेली रक्कम, हा तिचा हक्क त्याव्यतिरिक्त असतो.

आता रकमेचा प्रश्न. कायद्यात कुठेही ठरावीक टक्का लिहिलेला नाही. २०१७च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं पतीच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली, आणि तेव्हापासून हा आकडा सगळीकडे फिरतो आहे. तो अंदाजापुरता घ्यावा. न्यायालय दोघांचं उत्पन्न, लग्नाचा काळ, वय, शिक्षण, घरात असतानाचं राहणीमान, मुलं, आईवडिलांची जबाबदारी, कर्ज हे सगळं पाहतं. पत्नी शिकलेली आहे एवढ्यावरून पोटगी नाकारली जात नाही. थोडं कमावत असली तरी ती मागू शकते. तिचं उत्पन्न हिशेबात धरलं जातं इतकंच. मुलांसाठी दहा-बारा वर्षं नोकरी सोडलेल्या बाईला पस्तिशी-चाळिशीत पुन्हा नोकरी मिळणं किती अवघड असतं, याचीही दखल न्यायालयं घेतात.

'रजनेश विरुद्ध नेहा' या नोव्हेंबर २०२०च्या निकालानं या क्षेत्रात मोठी शिस्त आणली. तेव्हापासून दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता, कर्जं आणि मासिक खर्च शपथपत्रावर सादर करायचा असतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते; म्हणजे निकालाला दोन वर्षं लागली तरी त्या दोन वर्षांची रक्कम बुडत नाही. दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली पोटगी मिळत असेल, तर एकीतली रक्कम दुसरीत विचारात घेतली जाते.

या शपथपत्रामुळे पुरावे जमवणं हे पहिलं काम ठरतं. पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं, बँकेचे उतारे, म्युच्युअल फंडांची पत्रकं, सातबारा, फ्लॅटचा करार, गाडीचे कागद या सगळ्याच्या प्रती वेळेवर काढून ठेवाव्यात. घर सोडून आल्यावर हे कागद हाती लागणं कठीण जातं. धंदा करणारा नवरा कागदावर उत्पन्न कमी दाखवत असेल, तर मुलांच्या शाळेची फी, सहलींचे खर्च आणि क्रेडिट कार्डाची बिलं न्यायालयाला खरं राहणीमान दाखवू शकतात.

ठरलेली पोटगी मिळाली नाही तर? कलम १४४खाली वसुलीचं वॉरंट निघतं आणि थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो. "देईल कधीतरी" म्हणत थांबणाऱ्यांचं इथे नुकसान होतं.

४. एकरकमी घ्यावी की दरमहा?

परस्परसंमतीच्या घटस्फोटात हा प्रश्न हमखास येतो. एक साधा हिशेब मांडू.

समजा, महिन्याला २०,००० रुपये लागतात. वर्षाचे झाले २,४०,०००. कोणी म्हणेल, ४० लाखांची ठेव ६ टक्क्यांनी ठेवली की वर्षाला बरोबर २,४०,००० व्याज येतं आणि मुद्दलही शाबूत राहतं. कागदावर हे खरं आहे. पण महागाई धरा. भाव दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे १२ वर्षांत ते दुप्पट होतात. म्हणजे आज २०,००० रुपयांत येणारं सामान तेव्हा ४०,०००ला येईल, आणि व्याज मात्र २०,०००च राहील.

मग किती मागावं? अंदाज बांधायला एक सोपी रीत आहे. व्याजाचा दर आणि महागाईचा दर साधारण सारखे धरले, तर दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. अशा वेळी लागणारी एकूण रक्कम म्हणजे मासिक गरज गुणिले महिने. २० वर्षांसाठी २०,००० × १२ × २० = ४८ लाख. ३० वर्षांसाठी ७२ लाख. इतकी रक्कम मिळेलच असं नाही, पण '१० लाख घ्या आणि सही करा' हा प्रस्ताव समोर आला की त्यातून किती महिने निघतील हे पाच मिनिटांत कळतं : ५० महिने, म्हणजे चार वर्षांहून थोडं अधिक.

करांचाही फरक आहे. एकरकमी पोटगी ही भांडवली स्वरूपाची प्राप्ती आहे, तिच्यावर आयकर नाही. दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्न धरली जाते, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयानं घेतलेली आहे. एकरकमी रकमेवर पुढे मिळणाऱ्या व्याजावर कर लागतोच. देणाऱ्याला मात्र दोन्ही प्रकारांत वजावट मिळत नाही.

एकरकमीचा मोठा फायदा म्हणजे वसुलीची कटकट संपते आणि एकमेकांचा संबंध सुटतो. दरमहा पोटगीचा फायदा म्हणजे परिस्थिती बदलली तर ती वाढवून किंवा कमी करून मागता येते. पोटगी घेणाऱ्यानं पुन्हा लग्न केलं तर न्यायालय ती बदलू किंवा थांबवू शकतं. समोरच्याची नोकरी कायम आणि पगार बँकेत जमा होणारा असेल, तर दरमहा रक्कम, ती दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढण्याच्या अटीसह, चांगली चालते. उत्पन्न अनिश्चित असेल किंवा माणूस परदेशी निघाला असेल, तर थोडी कमी पण एकरकमी रक्कम शहाणपणाची.

५. घर कोणाचं?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या घरांत स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत आहे. मालमत्तेचा कायदा त्याच रीतीनं चालतो : ज्याचं नाव, त्याचं भांडं. त्यात वीस वर्षं रोज कोणी रांधलं, हे मालकी ठरवताना विचारलं जात नाही.

म्हणजे असं. पिंपरीतल्या एका जोडप्यानं फ्लॅट घेतला. करार नवऱ्याच्या नावावर. त्याच्या पगारातून हप्ता जायचा आणि बायकोच्या पगारातून किराणा, शाळेची फी, औषधं, सासूबाईंची शस्त्रक्रिया. दोघांनी सारखाच पैसा घरात ओतला. पण कागद फक्त त्याच्या हप्त्यांचा आहे. किराणा खाऊन संपला. घटस्फोटात फ्लॅट त्याचा राहतो. तिचं योगदान पोटगी ठरवताना मांडता येतं, मालकीत मात्र ते दिसत नाही. म्हणून कमावत्या बायकांना आवर्जून सांगावंसं वाटतं की, घर घेताना करारात नाव हवं आणि हप्त्याचा काही भाग आपल्या खात्यातून जायला हवा. दोघांची नावं असली आणि वाटा लिहिलेला नसला, तर पैसे कोणी भरले याचा पुरावा पुढे निर्णायक ठरू शकतो.

नवऱ्याच्या वडिलोपार्जित शेतात पत्नीला पत्नी म्हणून वाटा मागता येत नाही, आणि घटस्फोटानंतर ती त्याची वारसही राहत नाही. मुलांचा हक्क मात्र घटस्फोटानं तसूभरही कमी होत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती २००५मध्ये देशभर झाली. महाराष्ट्रानं त्या दिशेनं १९९४मध्येच पाऊल टाकलं होतं.

मालकी आणि राहण्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही समजून घ्यायला हवं. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५च्या कायद्यानं स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मग घर कोणाच्याही नावावर असो. सासऱ्यांच्या नावावरचं घरही सामायिक घर ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये म्हटलं. हा हक्क संरक्षणाचा आहे. त्यानं ती मालक होत नाही, पण तिला रातोरात बाहेर काढता येत नाही. न्यायालय पर्यायी घराचं भाडं द्यायलाही सांगू शकतं.

आणि गोवा? तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा अजून चालू आहे. ही संहिता लागू असलेल्या जोडप्यानं लग्नाआधी रीतसर वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक होते. लग्न मोडलं तर प्रत्येकाचा सर्वसाधारणपणे निम्मा वाटा. घर किंवा जमीन विकायला दोघांच्या सह्या लागतात. आयकर कायद्यानंही हे मानलं आहे : अशा जोडप्याचं पगाराखेरीजचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं दाखवलं जातं. तेरेखोल नदीच्या अलीकडे सिंधुदुर्गात आणि पलीकडे पेडण्यात एकाच बोलीत संसार करणाऱ्या दोन बायकांचे हक्क असे वेगळे आहेत.

देशभरात पत्नीला पतीच्या मालमत्तेत हिस्सा मागता यावा, अशी तरतूद असलेलं विधेयक राज्यसभेनं २०१३मध्ये संमत केलं होतं. लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि २०१४मध्ये लोकसभेची मुदत संपताच बारगळलं. ते व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. घर सांभाळणाऱ्या माणसाच्या श्रमामुळेच दुसऱ्याला बाहेर कमावता येतं; त्या कमाईतून उभ्या राहिलेल्या भिंतींवर दोघांचाही हक्क असायला हवा. तोपर्यंत तो हक्क वाटाघाटीत मागावा लागेल.

६. दागिने आणि लग्नातल्या भेटी

स्त्रीधन हा मात्र स्त्रीच्या पूर्ण मालकीचा विषय आहे. लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तिला माहेरून, सासरहून, नातलगांकडून मिळालेले दागिने, रोख रक्कम, वस्तू तिच्याच. सासूनं 'जपून ठेवते' म्हणून कपाटात ठेवले, तरी मालकी बदलत नाही; ते परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५मध्ये सांगितलं. याशिवाय लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून दिलेल्या वस्तूंचा निर्णय घटस्फोटाच्या खटल्यातच मागता येतो.

अडचण येते पुराव्याची. हुंडाप्रतिबंधक कायद्याखालच्या १९८५च्या नियमांप्रमाणे वधू-वरांना मिळालेल्या भेटींची यादी करून सह्या घ्यायच्या असतात. फार थोडी कुटुंबं ती करतात. यादी नसेल तर सराफाची बिलं, लग्नाचे फोटो, व्हिडिओ, लॉकरच्या नोंदी उपयोगी पडतात. लॉकर दोघांच्या नावावर असेल, तर त्यात काय आहे याची यादी आणि फोटो लवकरात लवकर करून ठेवावेत.

७. कर्ज फेडणार कोण?

पती-पत्नींनी आपसात काय ठरवलं, याच्याशी बँकेला देणंघेणं नसतं. दोघांनी मिळून कर्ज घेतलं असेल, तर पूर्ण कर्जाला दोघंही जबाबदार असतात. 'यापुढचे हप्ते पती भरील' असं हुकूमनाम्यात लिहिलं आणि त्यानं हप्ते चुकवले, तर बँक पत्नीकडेही वसुलीला येते आणि तिचा सिबिल स्कोअर घसरतो.

आकड्यांत पाहू. फ्लॅटची आजची किंमत ९० लाख, कर्ज बाकी ४० लाख. खरी शिल्लक ५० लाख, म्हणजे प्रत्येकी २५. पत्नीला घर हवं असेल, तर तिनं पतीला २५ लाख द्यायचे आणि ४० लाखांचं कर्ज एकटीच्या नावावर घ्यायचं. साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, हप्ता येतो महिना सुमारे ३४,७०० रुपये. तिचा पगार ५०,००० असेल तर बँक बहुधा तयार होणार नाही, आणि झाली तरी उरलेल्या १५,३००मध्ये घर कसं चालेल? अशा वेळी फ्लॅट विकून, कर्ज फेडून, शिल्लक वाटून घेणं दोघांनाही मोकळं करतं. घराचा लोभ मुलांच्या शाळेमुळे, शेजारामुळे असतो. तो खरा असतो. पण निर्णय हप्त्याचा आकडा समोर ठेवून घ्यावा.

घर एकाच्या नावावर करायचं ठरलं, तर वेळ महत्त्वाची. महाराष्ट्रात पती-पत्नींमध्ये राहतं घर बक्षीसपत्रानं देताना मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. बाकीचे आकार वेगळे. हुकूमनामा झाल्यावर दोघं कायद्यानं पती-पत्नी राहत नाहीत आणि ही सवलतही उरत नाही. म्हणून हस्तांतर कधी आणि कोणत्या दस्तानं करायचं, हे अटी लिहितानाच वकिलाकडून ठरवून घ्यावं. कर्ज शिल्लक असेल तर बँकेचं लेखी ना हरकत पत्र आधी हातात असावं.

८. मुलांचा हिशेब

मुलं कोणाकडे, हे ठरवताना न्यायालय आईचा किंवा बापाचा हक्क मोजत नाही, मुलाचं हित पाहतं. पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं, असं १९५६चा हिंदू पालकत्व कायदा सांगतो. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क राहतो.

खर्चाची जबाबदारी दोघांची असते. दोघं कमावत असतील तर उत्पन्नाच्या प्रमाणात वाटणी व्हावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०००मध्ये म्हटलं. वडिलांचा पगार ६०,०००, आईचा ४०,००० आणि मुलीचा खर्च २०,००० असेल, तर वडिलांचा वाटा १२,००० आणि आईचा ८,००० येतो. खर्च मोजताना फक्त फी धरू नये. रिक्षा, शिकवणी, डॉक्टर, कपडे, आणि आई नोकरीला गेल्यावर मुलीला सांभाळणाऱ्या बाईंचा पगार हेही लिहावं. दहावीनंतरच्या शिक्षणाचा मोठा खर्च वेगळा काढून त्यासाठी मुलीच्या नावानं गुंतवणूक करण्याची अट घालता येते.

आणि एक गोष्ट आईवडिलांनी विसरू नये. "मला मुलांसाठी काही नको, फक्त सोड," असं रागाच्या भरात आईनं लिहून दिलं, तरी मुलाचा निर्वाहाचा हक्क त्यानं संपत नाही. तो हक्क मुलाचा आहे; तो सोडण्याचा अधिकार आईलाही नाही, बापालाही नाही.

९. हुकूमनाम्यानंतरची कामं

निकाल लागल्यावर माणूस थकलेला असतो आणि कागदपत्रं तशीच पडून राहतात. भविष्यनिर्वाह निधी, विमा, बँक ठेवी, म्युच्युअल फंड, गृहनिर्माण संस्था या प्रत्येक ठिकाणचं नामनिर्देशन घटस्फोटानं आपोआप बदलेल, असं धरून चालू नये. ते स्वतः जाऊन बदलावं. मृत्युपत्र केलेलं असेल तर नवं करावं. संयुक्त खातं बंद करावं, जोडीदाराला दिलेलं पुरवणी क्रेडिट कार्ड थांबवावं, बँकेच्या ॲपचे पासवर्ड बदलावेत.

आरोग्यविम्याकडे तर निकालाच्या आधीच पाहावं. नवऱ्याच्या कंपनीच्या सामूहिक विम्यात पत्नीचं नाव असतं. घटस्फोटानंतर ते निघतं. पन्नाशीत, मधुमेह किंवा रक्तदाब असताना नवी पॉलिसी घेणं महाग पडतं आणि जुन्या आजारांसाठी थांबावं लागतं. म्हणून स्वतःची पॉलिसी आधी सुरू करावी आणि तिचा हप्ता पोटगीच्या मागणीत धरावा.

पुन्हा लग्न करायचं असेल, तर अपिलाची मुदत संपल्याची खात्री करून घ्यावी.

१०. सही करण्याआधी

परस्परसंमतीच्या घटस्फोटात सगळं काही संमतीच्या अटींवर, म्हणजे वकील ज्याला 'कन्सेंट टर्म्स' म्हणतात त्या कागदावर, अवलंबून असतं. तो मसुदा सहीच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात पहिल्यांदा वाचू नये. आधी घरी आणावा आणि त्यात पुढच्या गोष्टी आहेत का, ते एकेक करून पाहावं.

पोटगीची रक्कम, ती कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात आणि दरवर्षी किती वाढीनं. एकरकमी असेल तर किती हप्त्यांत. घर कोणाकडे आणि हस्तांतर किती दिवसांत. प्रत्येक कर्ज कोण फेडणार, आणि न फेडल्यास काय. दागिन्यांची यादी आणि ते परत मिळाल्याची तारीख. मुलांचा ताबा, भेटीचे वार, सुट्ट्या, सण, शाळेचे निर्णय, परदेशवारीसाठी लागणारी संमती. एकमेकांवर दाखल असलेले खटले कधी आणि कसे मागे घ्यायचे. फौजदारी तक्रार नुसत्या दोघांच्या सहीनं संपत नाही, ती रद्द करायला सहसा उच्च न्यायालयात अर्ज लागतो. 'सर्व हक्क सोडले' असं एखादं वाक्य मसुद्यात असेल, तर त्यात नेमके कोणते हक्क येतात हे वकिलाला विचारून लिहून घ्यावं.

वकील परवडत नाही म्हणून मिळेल त्या कागदावर सही करणाऱ्या बायका फार आहेत. त्यांच्यासाठी सोय आहे आणि ती हक्काची आहे. १९८७च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. घटस्फोट, पोटगी, मालमत्ता आणि छळ यांच्या दाव्यांत महाराष्ट्र शासनानं स्त्रियांना १९९४पासून न्यायालयीन शुल्कातून सूट दिली आहे. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. ते फक्त समेट घडवायला बसलेले नसतात. वेगळं व्हायचंच असेल तर अटी समंजसपणे ठरवायलाही मदत करतात.

हे सगळं वाचून घटस्फोट म्हणजे निव्वळ व्यवहार आहे, असं कोणी समजू नये. दुखावलेलं मन हिशेबानं बरं होत नाही. पण चुकलेला हिशेब त्या दुखण्यात रोजची चणचण घालतो, मुलांच्या फीवरून दर जूनला नवं भांडण लावतो आणि दोघांनाही जुन्या घरात अडकवून ठेवतो. म्हणून मसुदा हातात आल्यावर आठवडाभर तरी वेळ मागून घ्या. आकडे मांडा, ते वकिलाला आणि पैशांचं कळणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला दाखवा, आणि प्रत्येक कलमाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता आला तरच सही करा.